बुटक्या गाडीचा मागचा डोळा

आधी एक बादली घ्या. नेहमीची, अंघोळीची.

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक वर. तुम्ही रोजच्यासारखे स्टिअरिंगमागे बसा. घरातल्या कुणाला तरी ती बादली मागच्या बंपरला टेकवून ठेवायला सांगा आणि मग एकेक पाऊल मागे न्यायला सांगा. मधल्या आरशात बादलीचा काठ दिसला की ‘थांब’ म्हणा. आता उतरा आणि बंपरपासून बादलीपर्यंत पावलं मोजा.

साध्या घरगुती गाडीतही ही पावलं मोजताना माणूस दचकतो. बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये तर बादली अंगण संपेपर्यंत दिसत नाही. आणि एक लक्षात घ्या. उकिडवं बसून गाडीखालचा चेंडू काढणारं मूल त्या बादलीएवढंच असतं.

म्हणून हे लिहितोय. अशा गाड्या आता आपल्याकडेही दिसतात. कुणी हौसेनं नवी घेतो, बरेचजण जुनी घेतात. परदेशात असलेली आपली मुलं तर पहिल्या दोन-तीन पगारांतच एखादी जुनी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी करतात. हौसेला माझी ना नाही. फक्त मागचं दिसत नाही हे कबूल करा, आणि मागे कॅमेरा बसवा. पण नीट बसवा. नीट न बसवलेला कॅमेरा हा कॅमेरा नसण्यापेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, ते सांगतो.

माझ्या पुतण्यानं अशीच एक जुनी गाडी घेतली. घेतल्या घेतल्या घाईघाईत कॅमेराही बसवून आणला. अर्ध्या तासात काम झालं म्हणून खूश होता. आठवड्यानं गाडी मागे घेताना पडद्यावर कुंडी डावीकडे दिसली, म्हणून त्यानं शेपूट उजवीकडे वळवलं. आणि वहिनींची तुळशीची कुंडी फुटली. कुंडी खरं तर उजवीकडेच होती. पडद्यावरचं चित्र उलटं होतं, आणि बसवणाऱ्यानं ते तपासलंच नव्हतं. कॅमेरा नसता तर पोरगं उतरून बघून आलं असतं. कॅमेरा होता म्हणून विश्वासानं गेलं. कुंडीवर निभावलं.

या गाड्या अशा का असतात, तेही समजून घ्या. बसायची जागा जमिनीलगत. शेपूट उंच. मागची काच चिंचोळी, कधी पत्रपेटीच्या फटीएवढी. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड. पाठीमागे इंजिन असेल तर काचेतून अर्धं इंजिनाचं झाकणच दिसतं. कापडी छपराच्या जुन्या गाड्यांत तर काचेऐवजी प्लास्टिक असायचं. पोर्शेच्या बॉक्स्टरलासुद्धा २००२ सालच्या गाड्यांपर्यंत प्लास्टिकचीच खिडकी होती. असं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतं, घडीवर चिरतं आणि पावसाळ्यात धूसर होतं. मग मागे माणूस आहे की माठ, कळत नाही.

लॅम्बोर्गिनीची काउंटाच ही गाडी १९७४ साली विक्रीला आली. तिच्यातून मागचं इतकं कमी दिसायचं, की सुरुवातीच्या गाड्यांना छतात खाच पाडून पाणबुडीतल्यासारखा आरसा बसवला होता. त्यानंही भागेना. शेवटी चालवणारे लोक ते वर उघडणारं दार उघडायचे, उंबऱ्यावर बसायचे आणि धड बाहेर काढून मागे बघत गाडी मागे घ्यायचे. एवढी महागडी गाडी आणि बैलगाडीसारखी मागे घ्यायची! तुम्हाला तसं करायची गरज नाही. साधा कॅमेरा दोन हजार रुपयांच्या आत मिळतो. बंपर रंगवायला त्याहून जास्त लागतात.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. २००२ साली एका डॉक्टर बापाची गाडी घरासमोरच मागे घेताना त्याच्याच दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावरून गेली. त्या मुलाच्या, कॅमरॉन गुलब्रान्सनच्या, नावानं पुढे कायदा झाला. १ मे २०१८ पासून तिथल्या बाजारासाठी बनणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. नियम करताना तिथल्या सरकारी खात्यानं जो अंदाज मांडला, त्यात गाडी मागे घेताना दर वर्षी साधारण २१० माणसं दगावतात, असं म्हटलं होतं. त्यांत जवळजवळ एक तृतीयांश पाच वर्षांखालची मुलं होती. आणि चौथ्या हिश्शाहून जास्त सत्तरीपुढचे लोक. म्हणजे नातू आणि आजोबा. मुलांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा गाडी घरच्याच माणसाची असते.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ते टीं-टीं वाजतात ते. त्याआधीच्या जुन्या गाडीत बऱ्याचदा ना सेन्सर, ना कॅमेरा. सेन्सर चांगलेच आहेत, असतील तर राहू द्या. पण बुटक्या गाडीत बंपर जमिनीला इतका जवळ असतो, की सेन्सर कधी जमिनीलाच बघून ओरडतात. आणि बारीक लोखंडी खुंट्याला कधी ओरडतच नाहीत. सेन्सरला आवाज आहे, कॅमेऱ्याला नजर आहे. दोन्ही असले तर उत्तम. एकच घ्यायचा तर कॅमेरा घ्या.

आता विकत घेण्याचं.

बिनतारी कॅमेऱ्याच्या मागे लागू नका. नाव बिनतारी, पण वीज लागतेच, म्हणजे तार ओढावीच लागते. वर चित्र मध्येच थरथरतं, अडकतं. गाडी मागे जात असताना अर्धा क्षण अडकलेलं चित्र म्हणजे खोटी साक्ष. सरळ तारेचा घ्या.

डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं बघा. याचा अर्थ आत धूळ जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी पाणी शिरत नाही. पण वॉशिंगवाल्याचा जोरदार फवारा त्या परीक्षेत धरलेला नसतो. त्यासाठी ‘आयपी ६९’ किंवा ‘६९के’ लागतो. तो मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्या. नाही मिळाला तर धुणाऱ्या पोराला सांगा, ‘फवारा इथे जवळून मारू नकोस.’ आमच्या पुतण्याच्या पहिल्या कॅमेऱ्यात पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचलं होतं. काचेत मासोळीच काय ती नव्हती.

फार रुंद नजरेचा कॅमेरा घेऊ नका. १७० अंश ऐकायला छान वाटतं. पण त्यात कडेच्या वस्तू वाकतात आणि मागची भिंत आहे त्यापेक्षा लांब वाटते. १२० ते १५०च्या दरम्यानचा घरगुती वापराला बरा.

पडदा कुठे बसवायचा? गाडीत आधीच मोठा पडदा असेल, तर दुकानदाराला आधी विचारा, ‘हा कॅमेरा या पडद्याशी जुळतो का?’ न जुळणारा घेतला तर चित्र काळंपांढरं येतं, लोळतं किंवा येतच नाही. जुन्या गाडीत पडदा नसतो. तिथे मधल्या आरशावर अडकवायचा पडदा घ्या. डॅशबोर्ड कापायला लागत नाही, आणि मागे बघायला नजर आरशाकडेच जाते, ती सवय मोडत नाही. काचेवर चिकटवायचा पडदा मला आवडत नाही. उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि पडदा मांडीवर येतो.

कॅमेरा नंबर प्लेटच्या वर, बरोबर मध्यावर बसवा. इथे एक सावधगिरी. महाराष्ट्रात आता जुन्या गाड्यांनाही नव्या धर्तीची, न उघडणाऱ्या कुलपी खिळ्यांची नंबर प्लेट सक्तीची आहे. ती कॅमेऱ्यासाठी उचकटू नका. एकदा काढली की तीच परत बसत नाही. प्लेटमधून भोक पाडू नका आणि एकही आकडा झाकू नका. प्लेटवर प्रकाश टाकणाऱ्या छोट्या दिव्याच्या जागी बसणारा कॅमेरा मिळतो. तो बघा. तुमच्या गाडीचा मिळाला तर भोक पाडायचं कामच उरत नाही.

बसवायला माहितीतला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर दहा जण ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणतील. तुम्ही अकरावा शोधा, जो ‘गाडी दिवसभर ठेवा’ म्हणतो. तुम्ही जवळ उभे राहा आणि पुढच्या गोष्टी होतात का तेवढं बघा. भांडू नका, नुसतं विचारा. चांगल्या कारागिराला विचारलेलं आवडतं.

पहिलं, रिव्हर्सचा दिवा लागतो का? कॅमेऱ्याला वीज तिथूनच मिळते. गिअर मागे टाकला की दिवा लागतो, कॅमेरा जागा होतो. जुन्या गाडीत तो दिवाच बंद असतो आणि मालकाला पत्ता नसतो. मग सगळं काम करून चित्र येत नाही आणि दोष कॅमेऱ्यावर जातो.

दुसरं, काम सुरू करण्याआधी बॅटरीची काळी तार काढली का? काढून काही मिनिटं थांबला का? गाडीत एअरबॅग असतील तर पिवळ्या वेष्टणाच्या तारा आणि पिवळे जोड यांना हात लावायचा नाही. कॅमेऱ्याची तार एअरबॅगवरून तर मुळीच न्यायची नाही. एअरबॅग उघडायची वेळ आली आणि तारेत अडकली, तर काय उपयोग?

तिसरं, अर्थिंग. बरेचसे बिघाड इथले असतात. लोखंडी अंगाच्या गाडीत कॅमेऱ्याची काळी तार जवळच्या पत्र्याला आवळली की झालं, फक्त खालचा रंग खरवडायला हवा. पण बऱ्याच स्पोर्ट्स कारचं अंग फायबरचं असतं. लोटसचं घ्या, किंवा आपल्या गोव्यात बनलेली दोन माणसांची सॅन स्टॉर्म घ्या. फायबरमधून वीज जात नाही. तिथे काळी तार फायबरला आवळली तर ती नुसती लोंबकळतेय असंच समजा. चित्र येतं, जातं, पट्टे मारतं. अशा गाडीत काळी तार वेगळी ओढून खालच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत किंवा मागच्या दिव्याच्या मूळ काळ्या तारेपर्यंत न्यावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. तुम्ही टाळू देऊ नका.

चौथं, जोड. तारेला चावून बसणारे प्लास्टिकचे चिमटे नकोत. नुसती चिकटपट्टी नको. डाख दिलेला जोड हवा आणि त्यावर गरम करून आवळणारी नळी हवी. आणि वीज जिथून घेतली तिथेच जवळ एक-दोन अँपिअरचा फ्यूज हवा. कॅमेरा वीज चिमूटभर खातो. फ्यूज कॅमेऱ्यासाठी नाही, गाडी जळू नये म्हणून आहे.

पाचवं, तार जाते कुठून? पाठीत इंजिन असलेल्या गाडीत हा मोठाच प्रश्न असतो. मागून पुढे येताना तार इंजिनाच्या खोलीतून येते. तिथे सायलेन्सर प्रचंड तापतो. तार त्यापासून हातभर दूर, उष्णता सोसणाऱ्या वेष्टणात, आणि जागोजागी बांधलेली हवी. पत्र्यातून आत घेताना आधीपासून असलेल्या रबरी बुचातूनच घ्या. उघड्या भोकाची कड हळूहळू तार कापते. सहा महिन्यांनी एखाद्या रात्री घाटात फ्यूज जातो आणि चित्रही जातं. गाडी उचलायची झाली तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही शिरू देऊ नका, कारागिरालाही नाही. खाली घोडे (जॅक-स्टँड) लावा.

नव्या युरोपी गाड्यांचं आणखी एक त्रांगडं आहे. त्या दिव्याला वीज सलग देत नाहीत, तुकड्यातुकड्यानं देतात आणि दिवा शाबूत आहे का तेही तपासत राहतात. त्यामुळे चित्र लुकलुकतं, नाहीतर समोर इशाऱ्याचा दिवा लागतो. मध्ये फिल्टर असलेला रिले बसवला की हे बहुधा थांबतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कुठलीही तार कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि विमा कंपनीला कॅमेरा आणि पडदा बसवल्याचं कळवा. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंचा विमा वेगळा सांगून घ्यावा लागतो. न सांगता चोरी झाली तर हात हलवत परत याल.

बसवून झालं की पैसे देण्याआधी तपासा. इथे घाई नको.

गाडी उभी. इंजिन बंद, चावी फिरवलेली, गिअर मागे टाकलेला, हँडब्रेक घट्ट, चाकाला दगड. तुम्ही आत बसा. एका माणसाला गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी उभं करा. डावा म्हणजे बसलेल्या तुमचा डावा. पडद्यावरही तो डावीकडेच दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर चित्र उलटं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या तारेला एक-दोन छोटी वेटोळी असतात. कागदात सांगितलंय तेच कापलं की चित्र सुलटं होतं. आमच्या कुंडीचा जीव त्या दोन इंची तारेत होता.

मग रांगोळी घ्या. बंपरपासून अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर अशा तीन रेघा जमिनीवर ओढा. पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्या येतात ना, त्या या रेघांशी ताडून बघा. त्या कुणा दुसऱ्याच गाडीच्या मापानं आखलेल्या असतात. बुटक्या गाडीत कॅमेरा खाली असतो, त्यामुळे लाल पट्टी कधी बंपरला टेकलेली असते, कधी चार हात लांब. कॅमेरा थोडा वरखाली करून जुळवा. नाहीच जुळलं तर पट्ट्या बंद करा. चुकीच्या पट्टीपेक्षा पट्टी नसलेली बरी. पडद्याच्या तळाशी तुमच्याच बंपरची बारीक कड दिसत राहिली पाहिजे. ती दिसली की अंदाज चुकत नाही.

शेवटी बादली परत ठेवा. बंपरला टेकवून, मग दोन्ही कोपऱ्यांशी. कुठे दिसत नाही ते घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला दाखवा. हीच परीक्षा रात्री एकदा करा. जुन्या गाडीचा रिव्हर्सचा दिवा मिणमिणता असतो, आणि त्याच्या उजेडात कॅमेऱ्याला तुमच्याइतकंच कमी दिसतं.

रोजच्या वापराचं थोडक्यात सांगतो. सकाळी निघताना कॅमेऱ्याची काच ओल्या फडक्यानं पुसा. गाडी पळते तेव्हा शेपटामागे हवेचा भोवरा होतो आणि चिखल तिथेच जाऊन बसतो. पावसाळ्यात तर एका फेरीत कॅमेरा आंधळा होतो. पुसायला मागे जाताच, तेव्हा गाडीखाली कुत्रं झोपलंय का बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्री सावलीला गाडीखालीच येतात.

गिअर मागे टाकल्यावर चित्र येईपर्यंत क्लच सोडू नका. अमेरिकेतल्या नियमानं दोन सेकंदांत चित्र यायला हवं. स्वस्तातला पडदा त्याहून जास्त वेळ घेतो. तोवर एकेक करून तिन्ही आरसे बघा, गाणं बंद करा, काच खाली करा. ‘काका, थांबा!’ ही हाक कॅमेऱ्यात ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याला बाजूचं दिसत नाही. खांबामागून सायकल दामटत येणारं पोर पडद्यावर येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मागे घेताना गाडी चालण्याच्या वेगाहूनही हळू. आणि जमेल तिथे गाडी मागे घेत लावा, म्हणजे निघताना तोंड पुढे. पोहोचताना आपण जागे असतो, निघताना घाईत असतो.

आपल्याकडे गाडी मागे घेताना कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत मागे उभं राहतं. घरच्यांना सांगा, वॉचमनलाही सांगा. मदत करायची तर बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहायचं. शेपटामागे नाही. मुलांना गाडीपासून लांब, दारात उभं करून हात धरायचा, मग चावी फिरवायची.

सगळं झालं की एका कागदावर लिहून ठेवा. फ्यूज कुठे आहे, कितीचा आहे, वीज कुठल्या तारेतून घेतली, काळी तार कुठे आवळली, कॅमेरा कधी बसवला. कागद आरसी आणि पीयूसीच्या पाकिटात घाला. पुढे काही बिघडलं, किंवा गाडी विकलीत, तर नव्या माणसाला शोधाशोध करावी लागणार नाही. पुतण्यानं तो कागद लिहिलाय. अक्षर गचाळ आहे, पण वाचता येतं.